चिल्ड वॉटर लाइन बदलायची आहे : एमएस, पीपीआर की एचडीपीई? अंधेरी, १२ मजले, २०० टीआर

शाफ्टकर

नमस्कार मंडळी. अंधेरी पूर्वेच्या एका ऑफिस बिल्डिंगची चिल्ड वॉटर लाइन, म्हणजे एसीचं थंड पाणी फिरवणारी पाइपलाइन, बदलायची आहे. तळमजला अधिक ११. टेरेसवर १०० टीआरचे (टन, थंडाव्याचं माप) दोन एअर कूल्ड चिलर (पाणी थंड करणारी यंत्रं), पंपही तिथेच. पाणी ७ अंशांना जातं, साधारण १२.५ ला परत येतं. रायझर (उभा मुख्य पाइप) १५० एनबी (नाममात्र व्यास, मिमीत) एमएस (साधं स्टील), शाफ्टमध्ये उंची ४२ मीटर. प्रत्येक मजल्याला सुमारे १७ टीआर, त्यासाठी ५० एनबीची फांदी, फॉल्स सीलिंगमधून लांबात लांब २५ मीटर. लाइन १८ वर्षांची आहे आणि आता दर महिन्याला कुठे ना कुठे क्लॅम्प मारावा लागतो.

तीन कोटेशनं आली. एक एमएस सी क्लासचं (हेवी), एक पीपीआर (पॉलिप्रॉपिलीन) एसडीआर ११ चं (जाडीचा वर्ग), एक एचडीपीईचं (पॉलिथिलीन). पीपीआरवाल्याचे तीन दावे आहेत:
१. १५० च्या जागी १६० चा पाइप पुरतो, कारण आतून गुळगुळीत.
२. प्लॅस्टिक स्वतःच इन्सुलेशन, त्यामुळे नायट्राइल (रबरी फोमचं इन्सुलेशन) अर्ध्या जाडीचं चालेल.
३. गंज कायमचा संपला.

मॅनेजमेंटचा प्रश्न सरळ आहे: स्वस्त आणि न गंजणारं मिळत असताना स्टील का? ऑफिसं चालू राहणार, काम रात्री आणि रविवारी. दाव्यांत खरं किती ते आकड्यांसह सांगा.

तांब्याभांडं

आधी एक सांगा. जुना पाइप आतून खाल्लाय की बाहेरून? कापलेला एखादा तुकडा ठेवला असेल तर ग्राइंडरने उभा चिरून बघा. याचं उत्तर आल्याशिवाय मटेरियलची चर्चा म्हणजे नाडी न बघता औषध.

शाफ्टकर

दोन तुकडे चिरले. आत काळसर पातळ थर आहे, बोट फिरवलं की निघतो, खाली धातू सपाट. बाहेरून मात्र पापुद्रे सुटलेत. गळती बहुतेक सॅडलवर (पाइप टेकतो त्या आधारावर) आणि एल्बोच्या पोटाला. अल्ट्रासॉनिक गेजवर सरळ भागात ५.० ते ५.२ मिमी, सॅडलपाशी काही ठिकाणी २ च्या खाली.

तांब्याभांडं

मग स्टीलने दगा दिलेला नाही. १५० एनबी हेवी पाइपची मूळ जाडी ५.४ मिमी. १८ वर्षांनी सरळ भागात ५ च्या वर शिल्लक, म्हणजे आतलं पाणी ठीक होतं. पाइप मेला तो इन्सुलेशनच्या खाली, बाहेरून.

कसं होतं ते बघा. सॅडलपाशी लाकडी ठोकळा आणि इन्सुलेशन यांच्यात फट राहते. पावसाळ्यातली दमट हवा तिथून आत जाते, ७ अंशांच्या पत्र्यावर तिचं पाणी होतं, पाणी उतारावरून एल्बोच्या पोटात जाऊन बसतं. बाहेर पडायला वाट नाही आणि हवेतला ऑक्सिजन फटीतून मिळतच राहतो. वर रेड ऑक्साइडचा एक हात, तोही पाइप न घासता मारलेला. अशा ठिकाणी १८ वर्षं निघाली हेच नवल.

तेच इन्सुलेशन त्याच हातांनी प्लॅस्टिकवर चढवलंत तर पाइप गंजणार नाही हे खरं. पण सीलिंगमध्ये पाणी टपकणार, टाइल्स पिवळ्या पडणार, हँगरचे रॉड आणि क्लॅम्प गंजणार. तक्रार वहीत ओळ तीच येईल: "एसीतून पाणी पडतंय."

निळा_हातोडा

तांब्याभांडंशी सहमत, पण स्टीलवाले नेहमी एक गोष्ट झाकून ठेवतात, ती वेल्डिंगची. चालू ऑफिसात रात्री फॉल्स सीलिंग उघडायचं, हॉट वर्क परमिट, फायर वॉचला माणूस, स्मोक डिटेक्टर झाकायचे आणि सकाळी आठवणीने उघडायचे, धूर, ठिणग्यांनी जळलेलं कार्पेट. १२ मजल्यांवर हे करायचं म्हणजे महिने. पीपीआरला ज्योत लागत नाही.

वजनाचंही बघा. १५० एनबी हेवी मीटरला २१ किलोच्या आसपास, ६ मीटरची नळी सव्वाशे किलोच्या वर. लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यातून वळत नाही. पीपीआर ३ किंवा ४ मीटरच्या लांबीत येतो, दोन माणसं उचलतात. शिवाय आतून इतका गुळगुळीत की १६० चा पाइप १५० एनबीला सहज भारी पडतो. त्या दाव्यात मला काही चूक दिसत नाही.

आकडेमोड

चूक आहे, आणि नेमकी इथेच सगळे फसतात.

स्टीलचं "१५० एनबी" हे आतल्या व्यासाच्या जवळपासचं नाव. बाहेरचा व्यास १६५.१, हेवी क्लासला आतला सुमारे १५४ मिमी. पीपीआरचं "१६०" म्हणजे बाहेरचा व्यास. एसडीआर ११ म्हणजे बाहेरचा व्यास भागिले जाडी बरोबर ११. म्हणून जाडी १४.६ आणि आतला व्यास १३०.८ मिमी.

आता पाणी. १ टीआर म्हणजे ३.५१७ किलोवॉट. साडेपाच अंशांच्या फरकाला टीआरमागे सेकंदाला ०.१५ लिटर लागतात. २०० टीआरला ३०.३ लिटर. वेग असा येतो:

एमएस १५० एनबी हेवी : १.६ मीटर प्रति सेकंद
पीपीआर १६० एसडीआर ११ : २.२५
पीपीआर २०० एसडीआर ११, आतला व्यास १६३.६ : १.४४
एचडीपीई १८० एसडीआर १७, आतला व्यास १५८.६ : १.५३

गुळगुळीतपणाचं श्रेय देऊन टाकू. हेझन-विल्यम्सच्या घर्षण सूत्रात स्टीलला सी (गुळगुळीतपणाचा आकडा) १२०, प्लॅस्टिकला १५०. आतला व्यास सारखा असता तर स्टीलचं घर्षण दीडपट आलं असतं. पण व्यास घटला की घर्षण ४.८७ व्या घाताने वाढतं. १५४ चा १३१ झाला की ते सव्वादोनपट. त्याला दीडने भागा, तरी १६० च्या पीपीआरमध्ये घर्षण जुन्या स्टीलच्या जवळजवळ दीडपट उरतं. पंप तोच ठेवलात तर पाणी कमी पडेल आणि पहिली बोंब पंपापासून सर्वांत लांबच्या मजल्यावरून येईल.

म्हणजे रायझरला पीपीआर घ्यायचा तर २०० चा. त्या कॉन्ट्रॅक्टरला २०० चं कोटेशन द्यायला सांगा, मग स्वस्त-महाग बोलू.

मजल्यावरच्या फांदीत मात्र गणित जमतं. १७ टीआरला २.५७ लिटर. पीपीआर ६३ एसडीआर ११ चा आतला व्यास ५१.४, वेग १.२४, घर्षण १०० मीटरला ३ मीटर (पाण्याच्या उंचीत). जुन्या ५० एनबीला ६३ चालतो. पण कोणी "जास्त मजबूत" म्हणून एसडीआर ७.४ माथी मारला तर नको म्हणा. आतला व्यास ४५.८ वर येतो, वेग १.५६ होतो.

निळा_हातोडा

मान्य. १६० चं विधान मागे. फांद्यांना पीपीआर हे म्हणणं कायम.

दवबिंदू

आता दावा क्रमांक दोन, अर्ध्या इन्सुलेशनचा. हा मुंबईत सर्वांत महागात पडतो.

पीपीआरची उष्णतावाहकता ०.२४ वॉट प्रति मीटर केल्व्हिन, नायट्राइलची ०.०३६ च्या आसपास. म्हणजे २०० च्या पाइपची १८.२ मिमी जाड भिंत नायट्राइलच्या पावणेतीन मिमीइतकी. ६३ च्या पाइपची ५.८ मिमी भिंत तर १ मिमीलाही पुरत नाही. यात "अर्धं" कुठून आलं?

उघडा २०० चा पीपीआर घेतला तरी बाहेरचा पृष्ठभाग १६ अंशांवर राहतो. जुलैत हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरा, दवबिंदू २७.२. पृष्ठभाग दवबिंदूच्या ११ अंश खाली, म्हणजे घाम सुटणारच.

जाडी काढायची रीत सोपी आहे. इन्सुलेशनमधून आत जाणारी उष्णता आणि हवेतून पृष्ठभागावर येणारी उष्णता सारखी धरायची. पृष्ठभाग २७.२ च्या खाली जाता कामा नये, म्हणजे हवेशी फरक फक्त २.८ अंशांचा. काळ्या नायट्राइलच्या पृष्ठभागाला ९ वॉट प्रति चौरस मीटर केल्व्हिन धरा. पाण्याशी फरक २०.२, गुणिले ०.०३६, भागिले २.८ गुणिले ९. उत्तर २९ मिमी. आता आर्द्रता ८५ ची ९० करा. दवबिंदू २८.२, सवड १.८ अंश, उत्तर ४७ मिमी. पाच टक्के आर्द्रतेत जाडी दीडपटीच्या वर गेली. कोरड्या गावाच्या तक्त्यातून जाडी उचलून इथे लावली की पावसाळ्यात ठिबकतं ते यामुळे.

हे आकडे सपाट पृष्ठभागाचे. गोल पाइपवर बाहेरचा घेर मोठा असल्याने थोडी सूट मिळते. ६३ च्या पाइपवर ३२ मिमी नायट्राइल सपाट ४४ सारखं वागतं, १५० एनबीवर ४० मिमी सपाट ४८ सारखं. माझं मत: रायझरला ४०, फांद्यांना ३२, पाइप स्टीलचा असो की प्लॅस्टिकचा. २५ मध्ये भागवू नका.

आणखी एक. चकचकीत अॅल्युमिनियमचं क्लॅडिंग घातलं की पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता कमी शोषतो आणि जास्त थंड राहतो. ९ चे साडेपाच धरा, तेच २९ मिमीचे ४७ होतात. दिसायला छान म्हणून शाफ्टमध्ये पत्रा गुंडाळू नका. टेरेसवर ऊन-पावसासाठी तो लागतोच, तिथे जाडी वाढवा.

शाफ्टकर

हे मॅनेजमेंटला प्रिंट काढून देतो. नायट्राइल चिकटवण्यात पाइपनुसार काही फरक पडतो का?

दवबिंदू

पडतो, आणि हा मुद्दा कुठल्याच कोटेशनमध्ये सापडणार नाही. नायट्राइलचा सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) पीपी आणि पॉलिथिलीनला नीट धरत नाही. स्टीलवर दर दीड-दोन मीटरला, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि सॅडलच्या दोन्ही बाजूंना ट्यूबचं टोक पाइपला चिकटवून टाकतात. एका ठिकाणी फट पडली तर ओल तेवढ्या कप्प्यात अडकते. पीपीआरवर हा अडसर टिकत नाही. एल्बोपाशी शिरलेली ओल चार-पाच मीटर पुढे जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते आणि फिटर चुकीच्या जागी सीलिंग उघडतो.

उपाय: ट्यूब-ट्यूबच्या जोडांवर भरवसा ठेवायचा. दोन्ही कडांना सोल्यूशन, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. लांबीत ट्यूब ताणायची नाही, मीटरमागे एखाद सेंटीमीटर जास्तच ठेवायची. ताणून लावलेला जोड पाइप आखडला की उघडतो. आणि कुठल्याही पाइपवर लाइन चालू असताना इन्सुलेशन चढवायचं नाही. ओल्या पाइपवर चढवलेलं नायट्राइल म्हणजे आत कोंडलेलं पाणी.

सॅडलला लाकूड नको. कडक पफचे (पॉलियुरेथेन फोमचे) सॅडल येतात, पाइपच्या व्यासाचे आणि इन्सुलेशनच्या जाडीचे. ते घ्या, दोन्ही तोंडांना नायट्राइल चिकटवा.

मोजपट्टी

आखडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लोक प्लॅस्टिकच्या "प्रसरणा"ची चिंता करतात. चिल्ड वॉटरमध्ये उलट होतं, पाइप आखडतो. मे महिन्यात ३३ अंशांना जोडला, ७ अंशांचं पाणी सोडलं, फरक २६ अंशांचा.

४२ मीटरच्या रायझरला: स्टील १३ मिमी. फायबरवाला पीपीआर (भिंतीत काचतंतूंचा थर असलेला) ३८ मिमी. साधा पीपीआर १६४ मिमी. एचडीपीई त्याहूनही जास्त. साध्या पीपीआरचा रायझर वरून पक्का धरला तर तळमजल्याची टी सोळा सेंटीमीटर वर ओढली जाईल. फांदी स्लॅबच्या स्लीव्हमध्ये अडकलेली, टी वर चाललेली, मोडतो तो जोड.

म्हणून पीपीआर घ्याच तर फायबर कंपोझिट. पक्का आधार रायझरच्या मध्यावर, पाचव्या-सहाव्या मजल्यावर, म्हणजे दोन्हीकडे १९-१९ मिमी वाटले जातात. बाकीचे क्लॅम्प पाइप सरकू देणारे, आतून रबर असलेले.

२५ मीटरची फांदी फायबर पीपीआरची असेल तर २३ मिमी आखडेल. टोकाला एफसीयूची (सीलिंगमधल्या पंखेवाल्या एसी युनिटची) कॉइल आहे, तिचा हेडर तांब्याचा. सरळ जोडलंत तर ओढ सगळी त्या ब्रेझिंगवर. टोकाला काटकोनात एक मोकळा पाय ठेवा. लांबीचं सूत्र: स्थिरांक गुणिले वर्गमूळ व्यास गुणिले आखडणं. स्थिरांक उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे १५ ते २०. ६३ आणि २३ घातले की ५७० ते ७६० मिमी. एवढ्या पायात मध्ये क्लॅम्प नको. शिवाय कॉइलपाशी लवचीक जोड द्या.

हँगर स्टीलला १५० एनबीवर साडेचार-पाच मीटरला चालतात. ६३ च्या पीपीआरला दीड मीटरच्या आत हवेत, नाहीतर मध्ये झोळ पडतो आणि झोळाच्या आधीच्या उंचवट्यावर हवा अडकते. वजनाने वाचवलेले पैसे हँगरमध्ये जातात हे कोटेशन वाचताना लक्षात असू द्या. बटरफ्लाय व्हॉल्व्हला स्वतंत्र आधार. प्लॅस्टिकवर लोखंडी व्हॉल्व्ह लटकवू नका.

पांढरा_उंदीर

नाव बघून हसू नका, विषय तोच आहे. शाफ्टच्या तळाला उंदीर असतील तर नायट्राइल आणि प्लॅस्टिक दोन्ही कुरतडतात. तळापासून दोन-अडीच मीटरपर्यंत पत्र्याचं कवच घाला, शाफ्टचं दार घट्ट करा.

लालगाडी

शाफ्टबद्दल माझा मुद्दा आगीचा आहे. प्लॅस्टिकचा रायझर १२ स्लॅब ओलांडतो. आग लागली की पाइप वितळून स्लॅबमध्ये २०० मिमीचं भोक उरतं आणि धूर-ज्वाळा वरच्या मजल्यावर. त्यामुळे प्रत्येक स्लॅबला, सप्लाय आणि रिटर्न दोन्हींना, तापल्यावर फुगून भोक बंद करणारं फायर कॉलर लागतं. अशी चोवीसेक कॉलर, तीही त्या व्यासाला आणि त्या इन्सुलेशनसकट चाचणी झालेली. स्टीलला स्लीव्ह, मिनरल वूल आणि फायर सीलंट पुरतं. स्लॅबमधून जाताना नायट्राइलचं काय करायचं तो तपशील मात्र स्टीललाही द्यावा लागतो, ते स्वतः जळणारं आहे.

माझ्या मते एवढ्यावरच रायझर स्टीलचा ठरतो.

ठाणे_लोकल

सीपीव्हीसीचा विचार का नाही? गरम पाण्याला सगळीकडे तेच वापरतात.

तांब्याभांडं

थंडीत ठिसूळ होतो, क्लॅम्पपाशी आणि धक्क्याला तडकतो. कॉम्प्रेसरचं पीओई तेल, ग्लायकॉल आणि काही रबरी इन्सुलेशनमधली रसायनंही त्याला बाधतात. ड्रेनला यूपीव्हीसी वापरा, चिल्ड वॉटरला हा विषय सोडा.

निळा_हातोडा

रायझर स्टीलचा असेल तरी शाफ्टमध्ये ४२ मीटर वेल्डिंग करायची गरज नाही. खाच पाडून कपलिंग लावायची पद्धत वापरा. पाइपच्या टोकाला रोलरने खाच, त्यावर ईपीडीएम रबराचं गॅस्केट, दोन अर्धी कपलिंगं, दोन बोल्ट. हॉट वर्क टेरेसवर किंवा वर्कशॉपमध्ये, टी आणि फ्लँजचे तुकडे आधीच वेल्ड करून, रंगवून आणायचे. एक सावधगिरी: आपल्या आयएस १२३९ मानकाचा १५० एनबी पाइप बाहेरून १६५.१ मिमी आहे. कपलिंग १६८.३ ची आली तर बसल्यासारखी वाटते आणि टेस्टला सुटते. ऑर्डरमध्ये १६५.१ असं लिहूनच द्या.

रंग: घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. वेल्डच्या जागी आणि कपलिंगच्या आजूबाजूला हाताने पुन्हा. मुंबईच्या खाऱ्या हवेत घासलेला पाइप रात्रभर उघडा ठेवू नका, सकाळी तांबूस झालेला असतो.

काचेचा_ग्लास

दावा तीन राहिला. "गंज संपला" हे पाइपपुरतं. चिलरच्या आतलं पाण्याचं पात्र, पंपाचं बिडाचं घर, व्हॉल्व्ह, स्ट्रेनर लोखंडीच राहतात. घट्ट बंद स्टीलच्या लाइनीत पाण्यातला ऑक्सिजन एकदा खर्च झाला की गंज थंडावतो. प्लॅस्टिकच्या भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. थंड पाण्यात हे प्रमाण गरम पाण्यापेक्षा कमी, पण जो काही शिरतो तो उरलेल्या थोड्याशा लोखंडावर काम करतो. म्हणून पूर्ण प्लॅस्टिक असलं तरी नायट्राइट किंवा मॉलिब्डेटवालं इनहिबिटर (गंजरोधक रसायन) आणि तांब्यासाठी अॅझोल सोडायला नको.

आकडेमोड

झिरपणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा मेकअप पाण्यातून (घट भरून काढायला घातलेल्या ताज्या पाण्यातून) येणारा खूप जास्त, हेही लिहा. पंपाच्या गळक्या ग्लँडमुळे (दांड्याभोवतीच्या सीलमुळे) रोज ताजं पाणी शिरत असेल तर पाइप कशाचा आहे हा प्रश्नच गौण.

काचेचा_ग्लास

बरोबर. त्यासाठी मेकअप लाइनवर साधा पाण्याचा मीटर बसवा आणि दर सोमवारी आकडा लिहा. या सिस्टिममध्ये पाणी साधारण ३-४ हजार लिटर असेल. महिन्याला शे-दीडशे लिटरच्या वर जायला लागलं तर इनहिबिटर वाढवण्याआधी गळती शोधा.

बांधकाम_बाबा

थोडं अवांतर. बीकेसीत दोन इमारतींमध्ये जमिनीखालून १२० मीटर चिल्ड वॉटर न्यायचं आहे. तिथेही स्टील का?

तांब्याभांडं

तिथे नाही. ती भरावाची, खाजणाची जमीन, माती खारट आणि पाणी वर. एमएसवरचा लेप एका ठिकाणी खरवडला की तिथून सुरुवात. प्रीइन्सुलेटेड पाइप घ्या: आत एचडीपीई, मध्ये पफ, बाहेर एचडीपीईचं जाकीट. बट फ्यूजनने (टोकं वितळवून एकमेकांना दाबून) जोड, मातीच्या पकडीमुळे आखडणंही बरंच रोखलं जातं. इमारतीत शिरताना फ्लँज टाकून स्टील, आणि तिथेच पक्का आधार. साइटवर केलेल्या जोडांवरचं जाकीट पाणी शिरणार नाही असं बंद झालं का ते खड्डा बुजवण्याआधी तपासा, सगळा खेळ तिथेच आहे. वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

शाफ्टकर

म्हणजे रायझर आणि टेरेस एमएस, मजल्यावरच्या फांद्या फायबर पीपीआर ६३ एसडीआर ११. मॅनेजमेंटशी बोललो, तत्त्वतः हो म्हणालेत. फ्यूजनमध्ये काय बिघडतं ते सांगा, रात्री मी साइटवर असेन.

निळा_हातोडा

६३ साठी आकडे पाठ करा. मशीन २६० अंश. पाइप काटकोनात कापा, कड साफ करा, सॉकेटच्या खोलीची खूण पेन्सिलने, ६३ ला २७ मिमी. पाइप आणि फिटिंग दोन्ही खुणेपर्यंत गेल्यावर घड्याळ सुरू, २४ सेकंद. काढल्यावर ८ सेकंदांत जोडा. सरळ दाबा, पिळू नका. ६ मिनिटं हात लावायचा नाही.

काय बिघडतं:

लांब एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि मशीनचा दिवा हिरवा असूनही डाय (पाइप आणि फिटिंग तापवणारा साचा) थंड असते. संपर्क थर्मामीटरने दोन्ही डाय मोजा, रात्रीतून दोनदा तरी.

जुना गेट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि पाइपमधून थेंब येत राहतो. ओल्या टोकाची वाफ होते, जोडात सूक्ष्म छिद्रं राहतात, टेस्टला टिकतात आणि दोन महिन्यांनी पाझरतात. म्हणून पहिल्या रविवारी फांद्यांना हात लावूच नका. लाइन रिकामी करून प्रत्येक मजल्याच्या टी वर नवे बटरफ्लाय व्हॉल्व्ह आणि फ्लँज बसवा. मग एकेक मजला कोरडा करून घेता येतो.

घाईने जास्त तापवलं, जास्त दाबलं की आत वितळलेल्या प्लॅस्टिकची कडी तयार होते. बाहेरून जोड सुंदर, आतून भोक निम्मं. सुरुवातीला प्रत्येक फिटरकडून दोन नमुने करून घ्या आणि चिरून बघा. बाहेर दोन सारख्या कड्या, आत छोटीशी कडी, मध्ये रेघ दिसता कामा नये.

पितळी इन्सर्टवाल्या फिटिंगला सुतळी-सफेदा ठासून भरू नका. टेफ्लॉन टेप, आणि घट्ट करताना इन्सर्टचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरा. नाहीतर पितळ प्लॅस्टिकमध्ये फिरतं आणि तिथून कायमची गळती. स्टीलच्या टी शी जोड फ्लँजनेच, आट्याने नाही.

टेरेसवर एक इंचही पीपीआर उघडा ठेवू नका, उन्हाने पांढुरका पडून तडकतो.

शाफ्टकर

टेस्टिंग? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंप्रेसरने हवा भरून रात्रीत उरकू, पाण्याने ऑफिसं भिजतील.

मोजपट्टी

प्लॅस्टिकवर हवेची टेस्ट नाही म्हणजे नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. जोड सुटला तर तुकडा गोळीसारखा जातो. पाणीच भरा.

तळातून सावकाश भरा, वर हवा काढा, रात्रभर तसंच ठेवा म्हणजे पाइप आणि पाणी एका तापमानाला येतात. चालू दाब तळाला असा: टेरेसवरच्या एक्स्पान्शन टाकीपर्यंतची उंची ४५ मीटर म्हणजे ४.४ बार, अधिक पंपाचे अडीचेक, मिळून ७ च्या आत. टेस्ट दीडपट, १०.५ बार. स्टीलचा रायझर आधी वेगळा, मजल्यावरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून. मग एकेक फांदी.

पीपीआरच्या फांदीत पहिल्या अर्ध्या तासात काटा खाली येईल. घाबरू नका, पाइप फुगतोय. पुन्हा १०.५ वर न्या, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. त्यानंतर दोन तास काटा जवळजवळ स्थिर हवा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघायचा. इन्सुलेशन त्याच्या नंतर.

शाफ्टकर

रायझरचं गेज टेरेसवर लावलं तर चालेल? तिथे जागा आहे.

मोजपट्टी

दोन्हीकडे लावा. टेरेसवरच्या गेजवर १०.५ दाखवलंत तर तळाला १४.६ झालेले असतील, मधल्या ४२ मीटर पाण्याचे ४.१ बार त्यात येतात. तळाच्या गेजवर १०.५ ठेवा, तेव्हा टेरेसचं गेज ६.४ दाखवेल. तेवढंच दाखवत नसेल तर एकतर वर हवा अडकलीय किंवा दोनपैकी एक गेज खोटं बोलतंय, आणि टेस्ट सुरू करण्याआधी ते शोधून काढा.